पेटी कुठून आली?

अमेरिकी सिनेमावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या चित्रपटाचा, या प्रश्नावर तिकडचे समीक्षक, प्राध्यापक आणि दिग्दर्शक पिढ्यानपिढ्या भांडत आले आहेत. पहिलं नाव बहुधा 'सिटिझन केन'चं निघतं. हा १९४१ सालचा चित्रपट काढला तेव्हा ऑर्सन वेल्स जेमतेम पंचविशीचा होता. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. त्यात १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'केन' पहिला आला. दुसरा पक्ष ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'चा (१९१५). लांबलचक कथा पडद्यावर कशी पेलायची हे त्यानं दाखवलं, हे खरंच आहे. पण त्याच चित्रपटानं कृष्णवर्णीयांचं विकृत चित्र रंगवलं आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन पुन्हा उभी राहिली. त्यामुळे हे नाव घेणाऱ्याला सोबत बरंच काही कबूल करावं लागतं. तिसरा पक्ष व्यवहार बघणाऱ्यांचा. त्यांचं बोट 'जॉज' (१९७५) आणि 'स्टार वॉर्स'कडे (१९७७) असतं, कारण हॉलिवूडचा धंदा आज ज्या पद्धतीनं चालतो ती या दोघांनी घालून दिली.

हा वाद ऐकताना एक गोष्ट सारखी निसटते. 'केन' प्रदर्शित झाला तेव्हा तोट्यात गेला. वृत्तपत्रसम्राट हर्स्टनं त्याच्याविरुद्ध सगळी ताकद लावली, थिएटरवाले कचरले आणि चित्रपट बाजूला पडला. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो पॅरिसला पोचला आणि आंद्रे बाझँसारख्या समीक्षकाच्या नजरेत भरला. पुढे आरकेओ कंपनीनं आपले जुने चित्रपट दूरदर्शन वाहिन्यांना विकले तेव्हा अमेरिकेतल्या नव्या पिढीनं तो घरात बसून पाहिला. फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची (१९४६) गोष्ट तर याहून सरळ आहे. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. वाहिन्यांना तो फुकटात दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात दिसून दिसून तो अमेरिकेच्या घराघरांतला चित्रपट झाला. 'जॉज'चा प्रभाव म्हणतात त्यातही शार्क मासा अर्धाच. एकाच दिवशी चारशेच्या वर पडद्यांवर चित्रपट लावायचा आणि आधी टीव्हीवर जाहिरातींचा मारा करायचा, ही त्यातली दुसरी अर्धी गोष्ट.

प्रभाव हा चित्रपटाच्या अंगचा गुण मानला जातो. मला हे अर्धंच पटतं. चित्रपट कोणापर्यंत, कोणत्या रस्त्यानं आणि किती उशिरा पोचला, यावर उरलेलं ठरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९४८ मध्ये याच रस्त्याला हात घातला. मोठ्या स्टुडिओंनी चित्रपटही काढायचे आणि ते दाखवणारी थिएटरंही आपल्याच मुठीत ठेवायची, ही पद्धत त्या निकालानं मोडली. पुढच्या वीस वर्षांत हॉलिवूड बदललं त्यामागे कोणताही एक चित्रपट नव्हता, इतकं बळ त्या निकालात होतं.

हाच प्रश्न मराठी सिनेमाला लावला की मुंबई-पुण्यात यादी तयार असते: 'संत तुकाराम', 'श्यामची आई', 'सांगत्ये ऐका', 'सामना', 'श्वास'. या यादीतलं एकही नाव चुकीचं नाही. पण ती नांदेड आणि लातूरमध्ये बसून वाचली की काही नावं पुसट होतात आणि यादीत नसलेली काही ठळक होतात. नांदेडला अशा वादांची जुनी सवय आहे. नरहर कुरुंदकर याच गावच्या पीपल्स कॉलेजात शिकवत आणि प्राचार्यही झाले. मान्य झालेली मतं पुन्हा तपासायला घ्यायची, हे त्यांनी इथल्या दोन पिढ्यांना शिकवलं. तेव्हा ही यादीही तपासून पाहायला हरकत नाही.

चित्रपटाच्या व्यापारात देशाचे जे भाग पाडले आहेत ते राज्यांच्या सीमांप्रमाणे नाहीत. मुंबई, दिल्ली-यूपी, सीपी बेरार, म्हैसूर अशा या भागांच्या नावांत एक नाव आहे 'निझाम'. तेलंगण, कर्नाटकातले बीदर-गुलबर्गा-रायचूर आणि मराठवाडा मिळून हा टापू होतो. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आलं, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र संस्थान शाबूत राहिलं. हिंदी चित्रपटाचे हक्क टापूप्रमाणे विकले जातात, त्यामुळे पुण्याला ज्यानं चित्रपट घेतला त्याचा नांदेडशी संबंध असेलच असं नाही. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्र शिकणाऱ्या मुलाला टॉकीजमध्ये दिसणारा चित्रपट निझामाच्या हिशेबानं यायचा. मराठी सिनेमाच्या इतिहासात या गोष्टीला एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यातही नांदेड आणि लातूर सारखे नाहीत. नांदेड गोदावरीकाठच्या मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर आहे. निझामाच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मार्ग. लातूरला मात्र १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी कुर्डुवाडीला मुंबई–मद्रास मार्गाला जाऊन मिळायची. म्हणजे संस्थान एकच, पण एका गावाचं तोंड हैदराबादकडे आणि दुसऱ्याचं कुर्डुवाडीमार्गे पुण्या-मुंबईकडे. आजही नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत आहे, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या नांदेडच्या तालुक्यांत तेलुगू घराघरांत बोलली जाते आणि तिथल्या माणसाला तेलुगू चित्रपट परका वाटत नाही. लातूरच्या माणसाला तो बराच उशिरा, हिंदीत उतरून भेटला. सिनेमाच्या प्रभावाचा नकाशा काढायचा तर आधी हे रूळ काढावे लागतील.

या संस्थानात सिनेमाचा उद्योग उभाच राहिला नाही, असं नाही. धीरेंद्रनाथ गांगुली हे बंगाली चित्रकार आणि नट हैदराबादला कलाशाळेचे प्रमुख म्हणून आले होते. मधे कलकत्त्याला जाऊन त्यांनी 'बिलात फेरत' (१९२१) हा इंग्रजाळलेल्या बाबूंची खिल्ली उडवणारा चित्रपट केला आणि १९२२ मध्ये हैदराबादला परतून निझामाच्या आश्रयानं लोटस फिल्म कंपनी काढली. स्टुडिओ, रसायनशाळा, स्वतःची चित्रपटगृहं असं सगळं एका छताखाली आणलं आणि मूकपट भराभर निघू लागले. मग मुंबईत बनलेला 'रझिया बेगम' हा १९२४ सालचा चित्रपट गांगुलींनी आपल्या पडद्यावर लावला. दिल्लीच्या गादीवर बसलेल्या राणीची ती प्रेमकथा निझामाला रुचली नाही. गांगुलींना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम निघाला, लोटस बंद पडली. गांगुली कलकत्त्याला परतले आणि पुढे बंगाली सिनेमात मोठे झाले. १९७५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

आता विचार करा. 'रझिया बेगम' आज कोणाच्या आठवणीत नाही, त्याचं नाव कोणत्याही श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत येणार नाही. पण नांदेड, लातूर, परभणी, बीड ज्या राज्यात होते त्या राज्याच्या चित्रपटनिर्मितीवर त्यानं जो परिणाम केला तेवढा कोणत्याही गाजलेल्या चित्रपटानं केला नाही. कोल्हापुरात त्याच सुमाराला बाबूराव पेंटर 'सावकारी पाश'ची (१९२५) तयारी करत होते. तिथे छत्रपतींच्या दरबारी कलेला हात मिळत होता, इथे एका खेळावरून कंपनीच उठली. पुढे संस्थानात सभा-संमेलनांसाठीही आधी परवानगी घ्यावी लागे आणि वरचं शिक्षण उर्दूतून होई. मराठी नाटक-सिनेमाला पाय रोवायला जागा कुठे राहिली असती? मराठवाड्यातून दिग्दर्शक उशिरा का आले, याचं उत्तर शोधताना लोक प्रतिभेबद्दल बोलतात. मी लोटसबद्दल बोलेन.

'सावकारी पाश'चं नाव निघालंच आहे, तर त्याचा हिशेब इथेच करायला हवा. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी, ही त्याची गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पेंटरांनी १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा केला. मराठवाड्यातल्या घराघरांत ज्या विषयावर बोललं जात होतं तो विषय मराठी सिनेमानं जवळपास जन्मतःच हाताळला होता. पण त्याची परंपरा झाली नाही. समीक्षक त्याला भारतीय वास्तववादाचा आरंभ म्हणतात आणि ते योग्यच आहे. तरी ज्याच्या वाटेनं पुढे बराच काळ फारसं कोणी चाललं नाही, त्याला प्रभावशाली म्हणणं मला जड जातं. चांगला आणि प्रभावी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतही १९८९ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस दरवर्षी २५ चित्रपट राष्ट्रीय नोंदीत घेते, त्याची कसोटी 'उत्तम' ही नाही. संस्कृती, इतिहास किंवा कला यांत त्यानं काही घडवलं का, एवढंच पाहिलं जातं.

ही कसोटी लावली तर मराठी सिनेमात माझं पहिलं मत 'रामजोशी'ला (१९४७) जाईल. 'संत तुकाराम'च्या चाहत्यांना हे आवडणार नाही. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम, दामले-फत्तेलालांची साधी मांडणी आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव हे सगळं डोक्यावर घेऊनही मी हे म्हणतो. 'तुकाराम'नंतर प्रभातनं 'संत ज्ञानेश्वर' केला, 'संत सखू' केला आणि तो ओघ आटला. 'रामजोशी'नंतर मात्र पाव शतक मराठी पडदा तमाशानं भरून गेला. राजकमलचा चित्रपट, बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचं दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. वेद शिकलेला ब्राह्मण कवी फडावर उभा राहतो, ही कथा. त्यातून ढोलकी, लावणी, सवालजवाब आणि फडावरची बाई या गोष्टी मराठी चित्रपटाच्या हाती लागल्या. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. दादा कोंडके 'सोंगाड्या' (१९७१) घेऊन आले तेही लोकनाट्याच्या वगातूनच.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर या चित्रपटांना इथे प्रेक्षक तयार करावा लागला नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा. यात्रेतला माणूस लावणीला पारखी होता, कुठे दाद द्यायची हे त्याला सांगायची गरज नव्हती. हिंदी सिनेमा जे देऊ शकत नव्हता ते 'रामजोशी'च्या वंशातल्या चित्रपटांनी दिलं आणि निझामाच्या टापूतही मराठी पडदा जगवला. याची किंमत मोठी होती. पडद्यावरचं गाव म्हणजे पाटील, चावडी, फड आणि शेवटी शहाणपण असं ठरून गेलं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं सरकारी मदतकामांवर खडी फोडत होती. त्याच वर्षी 'पिंजरा' आणि 'एकटा जीव सदाशिव' आले. दोन्ही मला आवडतात. पण खडी फोडणारा माणूस त्या पडद्यावर नव्हता.

'पिंजरा'त तर प्रभावाचा आणखी एक लांबचा धागा आहे. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'द ब्लू एंजल' (१९३०) हा जर्मन चित्रपट. कडक शिस्तीचा मास्तर नाचणाऱ्या बाईच्या नादी लागून विदूषक होतो. या चित्रपटानंतर मार्लेन डीट्रिश हॉलिवूडला गेली आणि अमेरिकी पडद्यावरच्या नायिकेचं रूप पालटलं. तोच मास्तर शांतारामांनी मराठी गावात आणला, श्रीराम लागूंनी तो उभा केला आणि संध्याच्या फडाभोवती सगळी गोष्ट पुन्हा रचली गेली. बर्लिनच्या एका चित्रपटाची एक वाट लॉस एंजल्सला गेली, दुसरी कोल्हापूरच्या मातीतून थेट माळेगावच्या यात्रेपर्यंत आली. ज्याला 'अमेरिकी सिनेमावरचा प्रभाव' म्हणतात तो फार वेळा बाहेरूनच अमेरिकेत गेलेला असतो. जॉन फोर्डचे वेस्टर्न पाहून कुरोसावा घडला. त्याचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) पाहून अमेरिकेनं 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) केला. या दोन्हींचा अंश १९७५ च्या 'शोले'त उतरला. पगारी लढवय्ये, लुटलं जाणारं गाव, डाकूंची टोळी. नांदेडच्या टॉकीजमध्ये 'शोले' बघणाऱ्याला फोर्डचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी फोर्ड त्याच्यापर्यंत पोचला होता.

पोचणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, हे आता मोबाइलवर चित्रपट बघणाऱ्यांना सांगितलं पाहिजे. ३५ मिलिमीटरची फिल्म दर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. अडीच तासांच्या चित्रपटाची साडेतेरा हजार फूट फिल्म होते, म्हणजे सुमारे चार किलोमीटर. ती रिळांत गुंडाळून, डब्यांत घालून लोखंडी पेटीत यायची. पेटी वजनदार. रेल्वेनं नाहीतर एसटीच्या टपावरून यायची. एक प्रत तयार करायला मोठा खर्च, म्हणून प्रती मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला आणि शेवटी यात्रेतल्या तंबूत. प्रत्येक यंत्रातून जाताना फिल्मवर ओरखडा उमटे. तुटली की ऑपरेटर तुटक्या चौकटी कापून दोन टोकं चिकटवायचा. कापलेल्या चौकटी गेल्या त्या गेल्याच. तालुक्याला पोचेपर्यंत चित्रपट काही मिनिटांनी लहान झालेला असे आणि त्यावर पावसासारख्या रेघा धावत. पेटी वेळेवर आली नाही की खेळ रद्द. म्हणजे मुंबईनं पाहिलेला आणि अहमदपूरनं पाहिलेला चित्रपट नावानं एक, पण हाती पडताना वेगळा. समीक्षकाला ज्या चौकटीत दिग्दर्शकाची प्रतिभा दिसली, ती चौकट तालुक्याला कदाचित पोचलीच नसेल! तंबूतल्या या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट केला. महाराष्ट्रातल्या यात्रांत फिरणारे तंबूवाले, त्यांच्या गंजत चाललेल्या मशिनी आणि डिजिटल आल्यावरची त्यांची घालमेल त्यात आहे. मिळाला तर जरूर पाहा.

२००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवायची सोय झाली आणि काही वर्षांत पेटी संपली. मुंबई आणि लातूर एकाच शुक्रवारी एकच चित्रपट बघू लागले. माझ्या मते मराठवाड्याच्या प्रेक्षकाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा बदल आहे. गेल्या वीस वर्षांतल्या चित्रपटांचा प्रभाव मोजताना तो बाजूला ठेवून चालणार नाही.

याच काळात बोलीचा प्रश्न पुढे आला. मराठवाडी हेल मराठी पडद्यावर गडी, हवालदार किंवा बावळट पाहुणा यांच्या वाट्याला यायचा. तो नायकाच्या तोंडी आणण्याचं श्रेय मकरंद अनासपुरे यांना द्यावं लागेल. 'कायद्याचं बोला' (२००५) हा मराठवाड्याच्याच चंद्रकांत कुलकर्णी यांचा चित्रपट. त्याचं मूळ 'माय कझिन व्हिनी' (१९९२) या अमेरिकी विनोदी चित्रपटात आहे. तिथे ब्रुकलिनच्या उच्चारातला वकील अलाबामाच्या कोर्टात उभा राहतो आणि सगळे त्याला हसतात, पण खटला तोच जिंकतो. मराठीत उतरवताना त्या ब्रुकलिनच्या जागी आपला गावरान हेल आला. अमेरिकेतल्या दक्षिण-उत्तरेच्या भांडणातून मराठवाड्याच्या बोलीला कोर्टात उभं राहण्याची संधी मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं. तरीही हसू बोलीवरच यायचं, हे मात्र सुटलं नाही. ती बोली बोलणारा माणूस रडू शकतो, प्रेमात पडू शकतो, चिडू शकतो, हे दिसायला आणखी काही वर्षं जावी लागली.

लातूरचा रितेश देशमुख या नकाशावर वेगळ्याच ठिकाणी सापडतो. मुख्यमंत्र्यांचा मुलगा म्हणून त्याच्याकडे पाहिलं गेलं आणि त्यामुळे एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. त्याचा पहिला चित्रपट 'तुझे मेरी कसम' (२००३) हैदराबादच्या रामोजी राव यांनी काढला. तो 'नुव्वे कावाली' (२०००) या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार, आणि ते तेलुगू रूपही 'निरम' (१९९९) या मल्याळम चित्रपटावरून आलेलं. पुढे निशिकांत कामत यांचा 'लय भारी' (२०१४) हा नट म्हणून त्याचा पहिला मराठी चित्रपट. विठ्ठल, वारी आणि हाणामारी यांची ती सांगड. २०२२ च्या अखेरीस त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेला 'वेड' आला, तोही 'मजिली' (२०१९) या तेलुगू चित्रपटावरून. 'वेड' राज्यभर चालला. पुण्या-मुंबईच्या समीक्षेत तेव्हा 'मराठीला साउथची लागण झाली' असा सूर निघाला. नांदेड-लातूरकडून पाहिलं तर ही लागण वगैरे काही नाही, जुन्या शेजाराचीच ती ये-जा आहे. हैदराबाद इथून परमुलूख कधीच नव्हता. हे मान्य करूनही मला 'वेड'मध्ये लातूर दिसत नाही, ही माझी तक्रार आहे. रस्ता जुना, पण त्यावरून गाव आलं नाही.

गाव आलं ते दुसरीकडून. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्यात, पण त्याची एक शीव परंड्याला लागते आणि परंडा निझामाच्या राज्यात होतं. करमाळ्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ चा. त्यातला एक प्रसंग जवळून पाहावा असा आहे. कैकाडी समाजाचा जब्या आणि त्याचं कुटुंब शाळेच्या कडेला डुकरं धरतंय. जब्याला भीती आहे की शाळेतली पोरं बघतील, विशेषतः त्याला आवडणारी मुलगी बघेल. डुक्कर कोंडीत सापडतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. त्याचं पाहून बापही थांबतो. सगळं कुटुंब चिखलात सावधान उभं, आणि डुक्कर निवांत निघून जातं. पुढे ते डुक्कर काठीला बांधून वाहून नेताना मागे शाळेची भिंत येते, तिच्यावर फुले, सावित्रीबाई, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं. कॅमेरा काही सांगत नाही, कोणी भाषण करत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट पडद्याच्या दिशेनं येतो.

'रामजोशी'नं गावाची जी चौकट घालून दिली होती ती इथे मोडली, असं मला वाटतं. पाटील आहे, शाळा आहे, जत्रा आहे, सगळं तेच आहे, पण बघणारे डोळे बदलले. नट शोधायला पुण्याला जायची गरज नाही. सोमनाथ अवघडेसारखा गावातला पोरगा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून येतो. शिवेपलीकडे हीच धडपड नाटकात आधी सुरू झाली होती. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक त्याच मातीतल्या नटांनी राज्यभर नेलं. ते दिग्दर्शित केलं नंदू माधव यांनी. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) दादासाहेब फाळके झालेले, मराठवाड्याचेच नट.

मंजुळे यांचाच 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पाणीसाठ्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती असा तो उन्हाळा. त्या उन्हाळ्यात राज्यभर, मराठवाड्यातही, लोक ट्रॅक्टर-टेम्पोत बसून 'सैराट'ला गेले. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडला जाऊन तिथल्या सिंफनी वादकांकडून वाजवून घेतला होता. करमाळ्याच्या विहिरीवर आणि उसाच्या फडात जे सूर ऐकू येतात ते लॉस एंजल्सच्या स्टुडिओतले आहेत. पुढे चित्रपट कन्नडमध्ये गेला ('मनसु मल्लिगे', २०१७, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच), पंजाबीत गेला, हिंदीत 'धडक' (२०१८) झाला. हिंदी 'धडक'मध्ये जात पातळ करून टाकली आणि चित्रपटाचा कणाच गेला. नक्कल झाली म्हणून प्रभाव पडला असं होत नाही, हे त्यातून लख्ख दिसतं.

म्हणून कमाईच्या आकड्यांपेक्षा मी दुसरीकडे पाहतो. लातूरची ती जुनी रेल्वे ज्या बार्शीवरून जायची, तिथल्या विनोद कांबळे यांनी 'कस्तुरी' केला. शवविच्छेदनगृहात आणि गटारात काम करणाऱ्या घरातला मुलगा, अंगाचा वास जावा म्हणून कस्तुरी शोधत फिरतो. २०१९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्तम बालचित्रपट ठरला. धंद्यावरचा प्रभाव मोजायचा असेल तर 'रामजोशी', आणि कॅमेरा कोणाच्या हाती जाऊ शकतो यावरचा मोजायचा असेल तर 'फँड्री', असं माझं मत आहे. नांदेडच्या वाचकानं यात एखादं तेलुगू नाव घालावं, तेही माझ्या माहितीतल्यापेक्षा जुनं असेल तर मी ते यादीत वर घेईन.